रशियन माणसाला चहाला बोलावल्याची हकीकत

अमेरिकेहून आल्यापासून जो भेटतो तो मला नायगाराबद्दल विचारतो. नायगारा मी पाहिला नाही. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा विमानातून दिसतो असं ऐकलं होतं, पण माझी जागा पंखावर होती आणि मला पंखच दिसला. मी पाहिलं ते एका कारखान्याचं गेट, आणि गेटाशी मोजायची टेप घेऊन उभी असलेली दोन रशियन माणसं. ज्यांना धबधबा हवा आहे त्यांनी वाचलं नाही तरी माझी हरकत नाही.

माझं जाणं झालं ते निबंधामुळे. एका मंडळाने विश्वशांतीवर निबंध मागवले होते आणि पहिलं बक्षीस म्हणून तीन आठवड्यांचा अमेरिका प्रवास ठेवला होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे निबंध बरा की वाईट हे सांगणारं घरी कुणी नव्हतं. आईने तो देवापुढे ठेवला, आप्पांनी त्याची पानं मोजली. निबंधात मी अमेरिका आणि रशिया या दोन्ही महासत्तांना कडक शब्दांत समज दिली होती. काही महिन्यांतच त्यांनी अण्वस्त्रं कमी करण्याचा करार केला. मी त्याचं श्रेय घेत नाही.

राहण्याची सोय आमच्या प्राचार्य सरांच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे मधुकाकांकडे झाली. काका केमिकल इंजिनीअर. युटा राज्यातल्या एका छोट्या गावात सोळा वर्षं राहतात. गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

विमानतळावरून घरी जाताना काकांनी गाडीतच नियम सांगितले.

"मी काय काम करतो हे विचारायचं नाही."

"बरं."

"मी सांगत नाही म्हणून वाईट वाटून घ्यायचं नाही."

"नाही घेणार."

"आणि परत गेल्यावर दादालाही काही सांगायचं नाही. तो मला सोळा वर्षं विचारतोय."

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी केस कापायला गेलो, तर न्हाव्याने गळ्याभोवती कापड बांधता बांधताच सांगितलं, "मॅडीकडे उतरलास होय? रॉकेटच्या इंजिनात इंधन भरतात ना, ते तो बनवतो. फार हुशार माणूस." मग आरशात माझ्याकडे बघून म्हणाला, "पण हे गुपित आहे हं."

गेट

गाव तसं देखणं आहे. एका अंगाला उघडेबोडके डोंगर, त्यांच्या माथ्यावर उन्हाळ्यातही बर्फाची एक रेघ. दुसऱ्या अंगाला खारट तळं, त्याचा वास वारा असेल त्या दिवशी घरात येतो. हवा इतकी कोरडी की धुतलेला शर्ट दोरीवर टाकेपर्यंत अर्धा वाळतो आणि हसलं की ओठ फुटतात. अशा वाळवंटात प्रत्येक घरापुढे हिरवंगार गवत आहे. ते गुरांना घालत नाहीत. आधी पाणी घालून वाढवतात आणि मग यंत्राने कापून फेकून देतात. मला आधी वाटलं की माझं काही चुकतंय. मग पाहिलं तर काकाही तेच करत होते.

करार झाल्यानंतर गावात रशियन आले होते. काका त्याबद्दल बोलायचे, पण फक्त पेपरात छापून आलंय तेवढंच. त्यासाठी ते कात्रण जवळ ठेवत. एकदा त्यांनी मला सरकारी रस्त्यावरून, गाडी न थांबवता, ते गेट दाखवलं. एक तयार खोली आणून ठेवलेली, बाहेर निशाण नसलेला खांब, आणि एका ट्रकच्या बाजूने टेप धरून चालणारी दोन माणसं.

"हे काय मोजतायत?" मी विचारलं.

काकांनी कात्रणातलं आठवून सांगितलं, "ठरावीक लांबीपेक्षा मोठा ट्रक बाहेर पडला, तर त्यांना तो तपासायचा हक्क आहे. करारात बंद केलेलं क्षेपणास्त्र बाहेर जात नाही ना, हे बघायचं. तिकडे रशियातल्या कारखान्यापुढे आपली माणसं अशीच बसलीत."

"आणि दुसरं क्षेपणास्त्र असलं तर?"

"दुसरं चालतं. मधल्या पल्ल्याची बंद झालीत. लांब पल्ल्याची चालू आहेत."

"म्हणजे जवळ राहणाऱ्याला मारायचं नाही, लांब राहणाऱ्याला मारलं तर चालेल?"

"संपत," काका समोर बघत म्हणाले, "हे पेपरात आलेलं नाही."

चार-पाच वर्षांपूर्वी, मी शाळेत होतो तेव्हा, याच दोन देशांनी युरोपात एकमेकांसमोर क्षेपणास्त्रं रोखून ठेवली होती. दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांनी जग किती वेळा जाळता येईल याचा हिशेब केला होता. एकदा जाळलं तरी पुरेल असं त्यांच्यात कुणी सुचवल्याचं माझ्या वाचनात नाही. आणि आता ते दोघं टेप घेऊन एकमेकांच्या दारात उभे होते. खरं सांगायचं तर मला ते बघून बरं वाटलं. भरून आलं, असंही म्हणता येईल. त्या भरून येण्यातूनच पुढचा सगळा प्रकार झाला.

जेली आणि गाजर

रशियनांचं स्वागत म्हणून गावाने शाळेच्या हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं. तिकडे अशा जेवणाला पॉटलक म्हणतात. यजमान फक्त टेबलं मांडतात, स्वयंपाक पाहुण्यांनी घरून करून आणायचा. भांड्याच्या बुडाला आपलं नाव चिकटवायचं आणि जाताना आपलं भांडं धुवायला घरी न्यायचं. आमच्याकडे असं बोलावणं केलं तर जन्मात तोंड बघणार नाहीत.

कारखान्यात काम करणाऱ्यांना रशियनांशी बोलायला मनाई होती. बोलणं झालंच तर दुसऱ्या दिवशी फॉर्म भरून कळवायचं. म्हणून काका आले नाहीत, आणि काकांमुळे शैलाकाकूही आल्या नाहीत. काकांची मुलगी नीता शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. तिच्याबरोबर मी गेलो. मी कारखान्यात नव्हतो, अमेरिकन नव्हतो आणि रशियनही नव्हतो. अलिप्त राष्ट्राचा नागरिक या नात्याने मला कुठेही फिरता येत होतं.

ताटात हिरव्या रंगाचं काहीतरी थरथरत होतं आणि त्यात किसलेलं गाजर होतं. मी ते कोशिंबीर समजून घेतलं. ती गोड जेली होती. शेजारी एक पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस त्याच पदार्थाकडे टेपशिवाय बघत बसला होता. कोटावर नाव होतं, आर्कादी. इंग्रजी तो माझ्यासारखंच बोलायचा, आधी मनात वाक्य जुळवून. अख्ख्या हॉलमध्ये आम्हा दोघांनाच एकमेकांचं इंग्रजी नीट कळत होतं.

त्याने सांगितलं की तोही इंजिनीअर. वीस वर्षं तिकडे क्षेपणास्त्रं बांधली, आता इकडे ती बांधत नाहीत ना ते बघतो. मी सांगितलं की मी निबंध लिहितो. त्याने आदराने मान हलवली.

मग तो दबक्या आवाजात म्हणाला, "इथे चहा कुठे मिळतो?"

मिळत नव्हता. त्या गावातल्या बहुतेकांच्या धर्मात चहा-कॉफी वर्ज्य आहे. टेबलावर दूध, सरबत, लाल रंगाचं एक पेय, सगळं होतं. चहा नव्हता.

"सहा आठवडे," तो म्हणाला. "कागदी पिशव्या आहेत. गरम पाण्यात दोरी लावून सोडायच्या. तो चहा नाही."

परमुलखात आलेला, बापाच्या वयाचा माणूस सहा आठवडे चहाविना. माझ्या जागी आमच्याकडचा कुणीही असता तर जे बोलला असता तेच मी बोललो.

"अहो, मग घरी या ना एकदा! आमच्या काकू फक्कड चहा करतात."

आमच्याकडे हे वाक्य रोज दहा जणांना म्हणतात. "या हं एकदा" म्हणायचं, समोरच्याने "येणार, येणार" म्हणायचं, आणि दोघांनी समाधानाने आपापल्या वाटेने जायचं. कुणी खरोखर येत नाही, आणि न आल्याचा राग फक्त तोंडदेखला धरायचा असतो. पण ज्याला बोललो तो तपासनीस होता. त्याने खिशातून वही काढली आणि विचारलं, "पत्ता?"

मी पत्ता दिला.

फॉर्म

तीन दिवसांनी संध्याकाळी दाराची घंटा वाजली. बाहेर डेव्ह नावाचा तरुण लेफ्टनंट उभा होता. रशियन जिथे जातील तिथे त्यांच्याबरोबर फिरायचं हे त्याचं काम. हातात कागद.

"येत्या शनिवारी चार ते पाच या वेळात सोव्हिएत तपासनीस या घरी चहाला येण्याची परवानगी मागतायत," त्याने वाचून दाखवलं. "बोलावणारा: सॅम. सॅम कोण?"

मधूचं मॅडी, तसं संपतचं तिकडे सॅम होतं. काका माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खाली बसले.

"अरे, तू काय केलंस हे?"

"काका, मी आपलं... या म्हटलं नुसतं."

"नुसतं! माझा कारखान्याचा बॅज जाईल ना त्यात! बॅज गेला तर नोकरी गेली. या गावात दुसरा कारखाना आहे का? नीताचं कॉलेज पुढच्या वर्षी आहे, घराचं काय करायचं?"

तेव्हा मला आप्पा आठवले. आप्पा आमच्याकडच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहेत. उसाचा हंगाम सुरू झाला की ते कुणाच्या हातचा चहा घेत नाहीत, सख्ख्या मेव्हण्याच्या घरचाही नाही. काट्यावर बसलेल्या माणसाने चहा घेतला की वजनावरचा विश्वास उडतो, असं त्यांचं म्हणणं. अशा माणसाच्या पोटी मी जन्मलो आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या काट्यावरच्या माणसाला चहाला बोलावून आलो.

"कॅन्सल करून टाका," काका डेव्हला म्हणाले.

डेव्हने मान खाजवली. "करता येईल, सर. पण त्यांनी ते आठवड्याच्या कार्यक्रमात लिहिलंय. आपण कॅन्सल केलं तर कारण लेखी द्यावं लागेल. आणि तिकडे रशियात आपल्या एका माणसाला मासे धरायला बोलावलंय. इथला चहा रद्द झाला तर तिकडचे मासेही रद्द होतात."

"कोण म्हणतं?"

"अजून कुणी नाही. पण होतात."

काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अहो, बोलावलंय ना पोराने? मग दारात आलेल्याला आता येऊ नका कसं सांगायचं? नागपूरची आहे मी. माझ्याच्याने नाही व्हायचं."

"अगं, नागपूरचं काय घेऊन बसलीस? इथे माझ्या क्लिअरन्सचा प्रश्न आहे!"

"डॅड, इट्स जस्ट टी," नीता म्हणाली.

"तू प्लीज क्लॅरिनेट वाजव," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः होऊन कारखान्याच्या सुरक्षा ऑफिसात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आभार मानले आणि बॅज काढून घेतला. चहा होऊ द्यावा, निर्णय नंतर कळवू. अटी तीन. काकांची अभ्यासाची खोली कुलूप लावून मोहोरबंद करायची. काकांनी त्या वेळात घरात थांबायचं नाही, आणि रशियनाकडून प्रत्यक्ष किंवा दुसऱ्यामार्फत काहीही घ्यायचं नाही. चहा संपल्यावर घरात असलेल्या प्रौढ व्यक्तीने प्रश्नांची उत्तरं द्यायची. काकू वकिलाशिवाय बोलणार नाहीत म्हणाल्या. राहिलो मी.

शनिवारपर्यंत काका घरीच होते. त्यांनी गवत तीनदा कापलं. शेवटी कापायला काही उरलं नव्हतं, तरी यंत्र फिरत होतं. ते मला एक शब्द लागेल असं बोलले नाहीत. जेवताना "भाजी घे" म्हणायचे. ते "भाजी घे" मला अजून ऐकू येतं.

शनिवार, चार ते पाच

आर्कादी चारला आला, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. बरोबर डेव्ह. आर्कादीने दारातच बूट काढले. डेव्हने ते बघून आपलेही काढले, त्याच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं.

काकूंनी कांदेपोहे केले होते, चकल्या होत्या, आणि आलं ठेचून घातलेला चहा. डेव्ह तिथलाच, तोही चहा न पिणारा. त्याला लिंबाचं सरबत दिलं. आर्कादीने पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि काहीतरी रशियन बोलला.

"काय म्हणाला?" काकूंनी मला विचारलं, जसं काही मला रशियन येतं.

"चांगला झालाय म्हणतायत."

"मग तोंड असं का केलंय? आलं जास्त झालंय का?"

त्याने दुसरा कप मागितला. पोहे पुन्हा घेतले. काकू त्याच्याशी सरळ मराठीत बोलायला लागल्या, "घ्या हो, लाजू नका, एवढंसं काय खाताय," आणि तो न लाजता घेत राहिला. युरोपात इतकी वर्षं जे जमलं नव्हतं ते चकलीच्या दुसऱ्या ताटलीशी जवळजवळ जमलं होतं. मग त्याने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. फोटोत काका, काकू आणि लहानगी नीता.

"तुमचे मिस्टर?"

"बाहेर गेलेत," काकू म्हणाल्या, आणि त्यांना खोटं बोलता येत नसल्यामुळे त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

खिडकीतून रस्त्यापलीकडची मोकळी पार्किंगची जागा दिसत होती. तिथे एकच गाडी उभी होती, उन्हात. गाडीत काका बसले होते. काचा वर केलेल्या, कारण काच खाली असली तर घरातलं बोलणं ऐकू येतं असा कुणी आक्षेप घेतला असता.

आर्कादी उठून खिडकीशी गेला नाही. जागेवरूनच बघत राहिला. काम काय होतं त्याचं, लांबून बघून आत काय आहे ते ओळखायचं. काकूंनी त्याच्यापुढे तिसरा कप भरून ठेवला होता. तो त्याने उचलला नाही. दोन बोटांनी बशी माझ्याकडे सरकवली आणि हनुवटीने खिडकी दाखवली.

मी डेव्हकडे पाहिलं. डेव्ह सरबतातली लिंबाची बी अतिशय काळजीपूर्वक तपासत होता.

मी कप उचलला आणि रस्ता ओलांडला. बशीत थोडा सांडला. काकांनी काच खाली केली. घामाने शर्ट भिजला होता.

"कुणी दिला?"

"काकूंनी केलाय."

त्यांनी दोन घोटांत संपवला. कप परत देताना म्हणाले, "पोहे उरलेत का?" बॅज गेल्यापासून "भाजी घे" आणि "कुणी दिला" सोडून माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

उत्तरं

सोमवारी मला सुरक्षा ऑफिसात बसवलं. समोर पांढऱ्या केसांचा, फार सौम्य बोलणारा माणूस, बाजूला डेव्ह. घरात काही लिहून घेतलं का? नाही. फोटो? नाही. तांत्रिक विषय? मी म्हणालो, चहातल्या आल्यावर चर्चा झाली. त्याने आल्याचं स्पेलिंग विचारून लिहून घेतलं.

मग तो प्रश्न आला. "घरमालकाने सोव्हिएत पाहुण्याकडून, प्रत्यक्ष किंवा दुसऱ्यामार्फत, काही स्वीकारलं का?"

आयुष्यात मी तोवर मोठ्या माणसापुढे खोटं बोललो नव्हतो. खरं बोललो असतो तर काकांचं घर गेलं असतं. एका कपापायी.

"सर, चहा काकूंचा होता," मी म्हणालो. "कप काकूंचा. साखर, दूध, आलं, सगळं काकूंचं."

"तो बाहेर कुणी नेला?"

"मी."

"का?"

"ते उन्हात बसले होते."

पेन थांबलं. त्याने डेव्हकडे पाहिलं. "लेफ्टनंट, तुला काही भर घालायची आहे?"

डेव्ह भिंतीवरच्या निशाणाकडे बघत म्हणाला, "सरबत फार चांगलं होतं, सर."

बुधवारी बॅज परत आला. काकांनी तो शर्टाला लावला, आरशात पाहिलं आणि लांब पल्ल्याच्या कामावर निघून गेले. तिकडे मासे धरले गेले की नाही, ते पेपरात आलं नाही.

निघायच्या दिवशी विमानतळावर सामान देऊन झाल्यावर काका जरा घुटमळले. चष्मा काढून पुसला.

"संपत, तो कप... तो खरंच तिने..."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"नको. थांब. सांगितलंस तर मला फॉर्म भरावा लागेल."

त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवर दोन थापा मारल्या आणि गाडीकडे गेले. त्यामुळे त्यांना आजही काही माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते त्यांनी लपवलं असंही कुणाला म्हणता येणार नाही. आता एकच धास्ती आहे. आपल्या कॉलेजचा हा वार्षिक अंक प्राचार्य सर दरवर्षी हौसेने अमेरिकेला धाकट्या भावाकडे पाठवतात. या वर्षी त्यांनी तो कृपा करून पाठवू नये.